रेंज आणि राबता

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी लागली तेव्हा कोकणातल्या मंडणगड तालुक्याच्या कमाईचे दिवस ऐन भरात होते. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं निघत होती, बागांमध्ये हापूसची तोडणी तोंडावर आली होती. दोन्हींचं गिऱ्हाईक मुंबई-पुण्याला, आणि रस्ते बंद.

वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने 2002 मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं आणि 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. अंडी जाळीच्या कुंपणात पुरायची, दीड-दोन महिने राखायची, आणि पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडायची. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात, जेवतातही तिथेच. पण पिल्लं कोणत्या दिवशी निघतील ते वाळूची ऊब ठरवते. अशी बातमी वर्तमानपत्रात छापून येईपर्यंत शिळी होते. इंटरनेटवर मात्र आजची आज पोचते. हॉटेल नसलेलं हे गाव शहरी माणसाच्या ओळखीचं झालं, त्यात या ताज्या बातमीचा आणि फिरणाऱ्या फोटोंचा मोठा वाटा आहे. तरी 2020 मध्ये ही ओळख कामी आली नाही. पाहुण्याला पायांनीच यावं लागतं.

आंब्याचं तसं नव्हतं. एरवी पेटी वाशीच्या घाऊक बाजारात जाते, आणि हमाली, तोलाई वजा होऊन बागायतदाराच्या हाती विक्रीची पट्टी येते. भाव काय फुटला ते त्याला मागाहून कळतं. त्या एप्रिल-मे महिन्यांत वाशीचा बाजारच मधूनमधून बंद राहिला. मग कोकणातल्या अनेक बागायतदारांनी फोनमधले नंबर काढले. मुंबईतला चुलतभाऊ, त्याच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्या ग्रुपमधल्या कुणाची तरी बहीण. पेंढ्यात लावलेल्या फळांचा फोटो, डझनाचा दर, पैसे भरायचा नंबर, मजकूर एवढाच. पणन मंडळानेही थेट विक्रीला हात दिला. मे महिन्यात एसटीने मालवाहतूक सुरू केली, तेव्हा रत्नागिरीहून बोरिवलीला निघालेल्या पहिल्या गाडीत आंब्याच्याच पेट्या होत्या.

यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो चुलतभाऊ. गिरणीच्या काळापासून मुंबईला राहणारा चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येत राहिला, म्हणून गाव आणि शहर यांच्यातला राबता टिकला. फोनने त्याला वेग दिला. साथीत फोन-इंटरनेटवरून विक्री आधीही वाढली होती: 2003 मध्ये सार्सच्या साथीतच चीनमध्ये ताओबाओ ही ऑनलाइन बाजारपेठ उभी राहिली. तिथे अनोळखी माणसांमध्ये विश्वास कंपनीने बांधला. आपल्याकडे तो नात्यांनी आधीच बांधून ठेवला होता. ज्या बागायतदाराचं शहरात कुणी नाही, त्याने तोच फोटो, तोच दर टाकला तरी आगाऊ पैसे कोण धाडणार? संकट आल्यावर ओळख करून घ्यायला वेळ मिळत नाही.

आणि मग 3 जून. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, सावित्री नदीच्या अलीकडे मंडणगड आणि दापोलीला त्याने झोडपून काढलं. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, पिढ्यांपूर्वी लावलेली कलमं मुळासकट उपटली गेली. विजेचे खांब कोसळले, मोबाइलचे टॉवर मुके झाले. काही गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. ज्या फोनवर महिन्यापूर्वी पेट्यांच्या ऑर्डरी आल्या, त्याच फोनवरून ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढंसुद्धा कळवता येईना. मुंबईतल्या गावकऱ्यांचे ग्रुप मात्र चालू होते. पत्रे, ताडपत्र्या, मेणबत्त्या आणि पैसे त्यांवरून गोळा झाले. गावाची ऑनलाइन ओळख गावाबाहेरही कुणाच्या तरी हाती असावी, हे तेव्हा दिसलं.

म्हणून छोट्या धंद्यांना ऑनलाइन आणण्याच्या गप्पा होतात तेव्हा मला टॉवरखालच्या बॅटऱ्या आठवतात. वीज गेल्यावर त्या काही तासच तग धरतात. किनाऱ्यावरच्या प्रत्येक टॉवरला जनित्र आणि पावसाळ्याआधी भरून ठेवलेलं डिझेल हवं. ते तपासायचं काम तहसीलच्या आपत्ती आराखड्यात लिहून टाकावं. आणि बागायतदाराने आपल्या गिऱ्हाइकांची यादी एकाच फोनमध्ये ठेवू नये, मुंबईच्या चुलतभावाकडेही तिची एक प्रत असू द्यावी.