थ्री-नॉट-थ्रीचं लाकूड कापलं म्हणून ती शिकारीची होत नाही

हरभरा घाट्यावर आला की अणदूर-नळदुर्गच्या शिवारात एक बोलणं हमखास कानावर येतं. रात्रीतून काळविटांचा कळप येऊन गेलेला असतो, शेंडे खुडलेले असतात आणि बांधावर जमलेल्यांतला कुणीतरी म्हणतो, "एखादी जुनी मिलिटरीची रायफल पाहिजे होती राव." आता त्यात मोबाइलवरच्या व्हिडिओंची भर पडली आहे. अमेरिकेतला कुणी शेतकरी महायुद्धातली रायफल घेतो, तिचं लाकूड तासतो, वर दुर्बीण बसवतो आणि हरीण टिपतो. मग आपल्याकडे का नाही, हा प्रश्न उरतोच. पिकाचं नुकसान खरं आहे आणि त्याचा संतापही खरा आहे. पण रायफलीविषयी जे बोललं जातं त्यातलं बरंचसं चुकीचं आहे, आणि ते ऐकून वागणाऱ्याच्या घरावर तुरुंगवास ओढवू शकतो.

आधी अमेरिकेचं बघू. दोन्ही महायुद्धांनंतर तिथे स्प्रिंगफील्ड, माउझर, एनफील्ड अशा शिलकी रायफली स्वस्तात विकल्या गेल्या, १९६८ चा कायदा येईपर्यंत चक्क टपालानेही. सैनिकाच्या रायफलीला जवळपास तोंडापर्यंत लाकूड असतं आणि पुढे संगीन अडकवायची सोय असते. शिकाऱ्याला त्या वजनाचा उपयोग नसतो, म्हणून ते काढून टाकलं जायचं. मात्र तिथे हरणाच्या शिकारीचा हंगाम सरकार ठरवतं, परवाना घ्यावा लागतो आणि किती जनावरं मारायची याला मर्यादा असते. व्हिडिओत रायफल दिसते, तिच्यामागची ही सगळी व्यवस्था दिसत नाही.

आपल्याकडे लाकूड कापल्याने काहीच बदलत नाही. शस्त्र नियमांच्या लेखी रायफलीचं रूप महत्त्वाचं नसून तिच्यात कोणतं काडतूस बसतं ते महत्त्वाचं आहे. थ्री-नॉट-थ्री किंवा ७.६२ मिलिमीटरचं लष्करी काडतूस जी झाडू शकते, ती वरच्या, अतिनियंत्रित वर्गात जाते. मग तिला अक्रोडाचा नवा दस्ता असो की वर महागडी दुर्बीण. थ्री-नॉट-थ्रीच्या सांगाड्यावर गुळगुळीत नळी घालून बनवलेली .४१० ची मस्केटही त्याच वर्गात आहे. या वर्गाचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळत नाही, तो केंद्र सरकारच्या हातात आहे. शिवाय हे 'रूपांतर' गावातल्या लोहाराकडून करून घेणं हाच वेगळा गुन्हा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ विनापरवाना दुरुस्ती आणि रूपांतराला मनाई करतं, आणि कलम ६ नळी आखूड करायला. प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना जवळ बाळगलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात आणि कमाल चौदा वर्षं कैद आहे.

दुसरी समजूत याहून खोल रुजलेली आहे: "आजोबांच्या काळातली आहे, गंजली आहे, तिला कसला परवाना?" हा भाग निजामाच्या राज्यात होता. निजामाविरुद्धच्या कारवाईत १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजांनी पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला आणि पुढची वाट धरली. त्या धामधुमीच्या आठवणी घराघरांत आहेत, आणि त्यांच्यासोबत माळ्यावर ठेवलेल्या बंदुकीच्या गोष्टीही. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुनाट शस्त्रांना सवलत आहे हे खरं. पण तिची अट नीट वाचावी: ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे चालवता येण्याजोगं असता कामा नये. गंज घासून, स्प्रिंग बदलून जी उडू शकते ती कितीही जुनी असली तरी बंदूकच आहे.

"मग ती लायसन्सची थ्री-फिफ्टीन कुठली? ती तर थ्री-नॉट-थ्रीसारखीच दिसते." हे निरीक्षण अचूक आहे, आणि त्यामागचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. सैन्यातून चोरलेली काडतुसं खाजगी बंदुकीत चालू नयेत, ही ब्रिटिश सरकारची कायमची धास्ती होती. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लष्करी मापाच्या रायफली हिंदुस्थानातल्या खाजगी माणसाला बंद झाल्या. साहेबाला आणि संस्थानिकाला शिकार तर हवीच होती. तेव्हा बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ली-एनफील्डचाच, म्हणजे थ्री-नॉट-थ्री रायफलीचाच, सांगाडा घेतला आणि त्याला ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचं आठ मिलिमीटरचं काडतूस बसवलं. हे काडतूसही लष्करीच होतं, पण परक्या सैन्याचं, त्यामुळे इथल्या छावणीतून चोरीला जाण्याचा प्रश्न नव्हता. आठ मिलिमीटर म्हणजे इंचाच्या मापात .३१५, तीच ही थ्री-फिफ्टीन. पुढे पश्चिम बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्याने हीच रायफल बनवली. म्हणजे लष्करी रायफलीचा शिकारी अवतार भारतात कानशीने नाही, कारखान्यात जन्मला, आणि त्याचं माप मुद्दाम बदललेलं होतं. तिचा परवाना मिळू शकतो. पण रायफलीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, आणि सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, चिंकाराही. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ते तिथेच राहिले. पिकाचं नुकसान हे कारण या अनुसूचीतल्या प्राण्याला लागूच होत नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल, किंवा प्राणी बरा न होण्याइतका जखमी अथवा आजारी असेल, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात. रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) अशा प्राण्यांबाबत पीकनुकसानीमुळे परवानगीचा मार्ग आहे, पण तोही अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय नाही. "रोह्याला चालतं तर काळविटाला का नाही" याचं उत्तर अनुसूचीच्या या फरकात आहे. शिवाय शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे. फास लावणं, विष घालणं, हाकून कोंडणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्नसुद्धा कायद्याच्या लेखी शिकारच आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा तीन ते सात वर्षं आणि दंड किमान पंचवीस हजार रुपये.

पीकसंरक्षणाच्या परवान्याबद्दलही असाच गोंधळ आहे. शस्त्र कायद्यात पीकराखणीसाठी जी सोय आहे ती ठासणीच्या बंदुकीची, रायफलीची नाही. ती बंदूक बार काढून जनावर पिटाळायच्या कामाची आहे. काळवीट पाडायची मुभा त्या कागदात कुठेच लिहिलेली नाही.

"लष्करी गोळीने जनावर जागीच पडतं" हेही खरं नाही. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात शरीरात फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली. अशी मऊ टोकाची गोळी त्याआधी कलकत्त्याजवळच्या डमडममध्येच बनली होती आणि तिला नावही त्या गावाचं मिळालं. त्यानंतरची लष्करी गोळी पूर्ण धातूच्या आवरणाची असते. ती बऱ्याचदा आरपार जाते, आणि घायाळ जनावर मैलभर पळून कुठल्यातरी ओढ्यात तडफडून मरतं. ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे, तिथेही पुष्कळ ठिकाणी हरणासाठी अशा गोळीला मनाई आहे, ती याच कारणाने. आपल्या उघड्या माळावर दुसराही धोका आहे. थ्री-नॉट-थ्रीची गोळी सेकंदाला सातशे मीटरहून जास्त वेगाने सुटते आणि चुकली तर दोन किलोमीटरपलीकडच्या वस्तीपर्यंत जाऊ शकते. रात्री त्याच शिवारात कुणी पाणी धरत असतं, कुणी कोपीवर झोपलेलं असतं.

काही जाणती माणसं म्हणतात, पूर्वी शिकारीमुळे संतुलन राहायचं. पण भारतातला शेवटचा ज्ञात चित्ता रायफलीच्या गोळीनेच गेला आणि १९५२ मध्ये त्याला देशातून नामशेष घोषित केलं गेलं. काळविटावर खरा वचक ठेवणारा शिकारी तोच होता. स्वातंत्र्यानंतर जीप आणि प्रखर दिवे आले, तेव्हा कळपच्या कळप रात्रीत टिपले गेले. दोष मात्र सहज पारध्यांच्या माथी मारला गेला. एकेक जनावर धरणारा त्यांचा फास आणि जीपवरून झडणाऱ्या रायफली यांना एकाच मापाने मोजणं मला अन्यायाचं वाटतं. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, गवताळ माळ राखला गेला, आणि काळविटांनाही आसरा मिळाला. बाकीचा माळ नांगराखाली किंवा प्लॉटमध्ये गेला. कळप शिवारात का उतरतो, याचं पहिलं उत्तर तिथे आहे.

राहिली नुकसानभरपाई. "वन खातं काही देत नाही" असं म्हणून पुष्कळजण अर्जच करत नाहीत. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीला महाराष्ट्र शासनाची भरपाई आहे आणि त्यात काळविटाचं नुकसानही धरलं जातं. रक्कम तोकडी वाटते ही तक्रार रास्त आहे आणि ती ग्रामसभेत ठराव करून मांडलीच पाहिजे. पण पंचनाम्याशिवाय तीही मिळत नाही. नुकसान दिसलं त्याच दिवशी फोटो काढा, सातबारा जोडा आणि वनरक्षकाकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. आणि माळ्यावर खरंच एखादी जुनी बंदूक असेल, तर ती परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या. शस्त्र कायद्याच्या कलम २१ मध्ये त्याची तरतूद आहे.