आयटीवाला खरंच गावाकडे राहायला येणार का? दुकान टाकण्याआधी हे वाचा



मागच्या व्हिडिओत हा विषय मी पाच मिनिटांत उरकला. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "दादा, आयटीची पोरं आता कायमची घरून काम करणार म्हणतात, मग आमच्या तालुक्याला दुकान टाकू का?" याच हिशोबावर मी स्वतः एक दुकान टाकलं होतं आणि हात पोळून घेतले, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं मूळ दुकान वाकडला. गाद्या, पडदे, बादल्या, एक्स्टेंशन बोर्ड, कपडे वाळत घालायचे स्टँड. हिंजवडीत नोकरी लागली की पोरगं फ्लॅट भाड्याने घेतं आणि पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे येतं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि ही पोरं कराड, सांगली, लातूर, अकोला, जिकडची तिकडे गेली. पगार तोच राहिला, फक्त तो खर्च व्हायचं गाव बदललं.

मग बातम्या सुरू झाल्या. मे २०२० मध्ये ट्विटरने सांगितलं, हवं त्याने कायम घरून काम करावं. त्याच महिन्यात फेसबुकचे मार्क झुकरबर्ग म्हणाले की ५ ते १० वर्षांत कंपनीचे निम्मे लोक ऑफिसबाहेरून काम करतील. आपल्या टीसीएसने तर २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्केच लोक ऑफिसात लागतील असं धोरण मांडलं. हे सगळं वाचून मी २०२१ मध्ये कराडला गाळा घेतला. तीन वर्षांचा करार, १ लाख डिपॉझिट, महिना १४ हजार भाडं. कागदावर हिशोब मस्त होता: ५० घरं, प्रत्येकी गावात २० हजार खर्च, म्हणजे महिन्याला १० लाख रुपये बाजारात नवे!

सुरुवातीला चाललंही. घरपोच मालाच्या माझ्या वहीत आयटीवाल्यांची २३ घरं होती. दोन वर्षांत त्यातली १६ घरं परत गेली.

का गेली? मी फोन करून विचारलं. (हे काम गाळा घेण्याआधी करायचं असतं.) राहिलेल्या सातांपैकी पाच जणांच्या नेमणुकीच्या पत्रातच कामाचं ठिकाण 'रिमोट' लिहिलेलं होतं. गेलेल्या सोळांपैकी एकाकडेही असा कागद नव्हता. त्यांना मॅनेजरने "सध्या घरूनच करा" म्हटलं होतं. या 'सध्या'वर मी तीन वर्षांचा करार केला! आणि मोठमोठ्या घोषणांचं काय झालं बघा. ट्विटर विकत घेतल्यावर इलॉन मस्क यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांना ऑफिसला बोलावलं. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस सांगितलं. ॲमेझॉननेही जानेवारी २०२५ पासून तेच केलं.

त्यामुळे आता मी पहिला प्रश्न 'घरून काम आहे का' असा विचारतच नाही. 'आठवड्यातून किती दिवस ऑफिस' असं विचारतो. पाच दिवस असेल तर माणूस तासाभराच्या आतच घर बघतो. शून्य दिवस असेल आणि तेही लेखी, तरच तो गावी स्थिरावतो. खरी गंमत दोन-तीन दिवसवाल्यांची आहे. रोज जायचं नाही म्हणून तो थोडा लांब, मोठं आणि स्वस्त घर बघतो, पण शहर सोडत नाही.

निकोलस ब्लूम आणि अर्जुन रमाणी या दोन अर्थतज्ज्ञांनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या शहरांचा असाच अभ्यास केला. त्यांना दिसलं की मोठ्या शहरांच्या गजबजलेल्या मध्यातून निघालेले बरेचसे लोक दूरच्या गावी न जाता त्याच शहराच्या कडेला गेले. त्यांनी त्याला डोनट म्हटलं, आपण मेदूवडा म्हणू. मध्ये भोक, कडेला माल. माझ्या वहीतल्या सोळांपैकी नऊ जण परत वाकडला आलेच नाहीत. ते रावेत, पुनावळे, तळेगाव अशा बाजूला गेले.

पगाराचंही लक्षात ठेवा. स्वस्त गावात राहायला गेलात तर पगार त्या गावाच्या हिशोबाने बदलेल, असं फेसबुकने तेव्हाच सांगून टाकलं होतं. उलट अमेरिकेतल्याच टल्सा शहरात २०१८ पासून अशी योजना आहे, की बाहेरून काम करणाऱ्याने तिथे येऊन राहिलं तर त्याला १० हजार डॉलर मिळतात. आपल्याकडची एखादी नगरपालिका असं करेल तेव्हा मी हार घेऊन जाईन.

आणि कंपनीने परवानगी दिली तरी घरच्यांचं काय? बायकोची नोकरी पुण्यात, मुलाची शाळा पुण्यात, फ्लॅटचा हप्ता चालू. नोकरी गेली तर दुसरी कुठे शोधायची ही भीती वेगळीच. लग्न व्हायचं असेल तर मुलीकडचे पहिलं काय विचारतात ते मी सांगायला नको.

मग गावात काहीच नाही का? आहे. पण माणसं कुठल्या भरवशावर आली आहेत ते बघा. झोहो कंपनीने तमिळनाडूत तेनकाशीला २०११ मध्ये ऑफिसच काढलं. तिथे काम गावाकडे गेलंय. दुकानदाराला हा भरवसा जास्त पक्का, कारण एका ईमेलवर सगळं गाव रिकामं होत नाही.

आणखी एक चूक सांगतो. ऑफिसच्या खुर्च्या आणि टेबलं मी भरून ठेवली आणि गिऱ्हाइकांनी ती मोबाईलवरून मागवली. कराडलाही कुरिअर येतं, हे मी विसरलो. माझ्याकडून गेल्या त्या गाद्या, कारण गादी माणूस दाबून बघतो. शेजारच्या इन्व्हर्टरवाल्याला आणि डबेवाल्या काकूंना मात्र माझ्यापेक्षा जास्त धंदा झाला. लाईट गेल्यावर आणि भूक लागल्यावर दोन दिवस थांबता येत नाही.

कराडचा करार २०२४ मध्ये संपला. गाळा सोडला, डिपॉझिटमधून रंगरंगोटीचे पैसे कापून गेले, उरलेला माल टेम्पोत भरून रावेतला आणला. इथे गाळा लहान घेतलाय, ११ महिन्यांच्या करारावर. गेल्या रविवारी कराडच्या वहीतलंच एक जोडपं पडद्याचे रॉड घ्यायला आलं. आता आठवड्याला तीन दिवस ऑफिस आहे म्हणाले. गादी तीच वापरतात.