पान नको, कंद द्या

काळाचौकीला अभ्युदयनगरात किंवा आसपासच्या चाळींत गॅलऱ्यांमधल्या कुंड्या पाहत गेलं, तर तुळस, कोरफड, मनीप्लांट यांच्या जोडीला स्नेक प्लांट हमखास दिसतं. कमरेपर्यंत उंच, ताठ पानं आणि त्यांना पिवळी किनार. मूळचं हे पश्चिम आफ्रिकेचं. ऊन थोडं मिळालं, पाणी घालायचं राहून गेलं, तरी तग धरतं. काही वर्षांनी मात्र प्लास्टिकची कुंडी एका बाजूने फुगते आणि तडकते. तोवर शेजारच्या कुणी त्याचं एखादं पान मागून नेलेलं असतं. ते पान रुजतं, कोंबही येतो, पण निव्वळ हिरवा. मग माती मानवली नाही, असा निष्कर्ष निघतो. मातीचा यात काहीच दोष नाही.

पिवळ्या किनारीचा हा लॉरेंटी प्रकार म्हणजे एकाच झाडात नांदणारी दोन प्रकारच्या पेशींची कुळं. शास्त्रात याला कायमेरा म्हणतात. वाढीच्या टोकाशी पेशींचे थर एकावर एक रचलेले असतात. त्यांतल्या काही पेशींना हरितद्रव्य तयार करता येत नाही. त्यांच्यापासून पानाची कड घडते आणि ती पिवळी राहते. मधला भाग हिरव्या कुळाचा. कापलेल्या पानातून येणारा कोंब आतल्या हिरव्या पेशींपासून नव्याने तयार होतो, त्यामुळे पिवळं कूळ त्यात येतच नाही. कंदावरच्या डोळ्यात मात्र दोन्ही कुळं मूळच्याच रचनेत असतात. म्हणून किनार हवी असेल तर झाडाची विभागणी करणं हाच मार्ग.

हा कंद म्हणजे मुळं नव्हेत, जमिनीखाली आडवं वाढणारं खोड आहे. हळद, आलं, कर्दळ यांचंही तसंच. ज्यांच्या गावच्या परसात केळी आहेत, त्यांना मुनवे काढून लावणं वेगळं शिकवायला नको. कंदाचं वाढतं टोक ऑक्सिन नावाचं संप्रेरक मागे पाठवतं आणि त्याच्या प्रभावाने मागचे डोळे निजून राहतात. कंद कापला की तो दाब सुटतो. विभागणीनंतर जुन्या कुंडीतही नवे कोंब फुटतात, त्याचं कारण हे.

मुंबईत या कामाला फेब्रुवारी-मार्च चांगला: थंडी सरलेली असते आणि पावसाळा लांब असतो. आठवडाभर आधी पाणी बंद करा. कुंडी आडवी करून झाड बाहेर काढा. निघत नसेल तर प्लास्टिक कापा, पानं ओढू नका. माती झाडली की बोटाएवढे जाड, पिवळट नारिंगी कंद एकमेकांत गुंतलेले दिसतील. कुंडी फोडणारे हेच. स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने असे तुकडे करा, की प्रत्येकाला पानांचा एक झुबका आणि थोडी मुळं राहतील. आतला गर पांढरट आणि टणक हवा. मऊ, तपकिरी भाग निर्दयपणे काढून टाका.

पुढची पायरी उतावळेपणाने हमखास वगळली जाते. तुकडे एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या. त्या काळात कापावर बुचासारख्या पेशींचा थर धरतो आणि बुरशीला वाट मिळत नाही. आपल्याकडे कापावर हळद लावतात. जरूर लावा, पण कोरडेपणाला पर्याय नाही. नंतर निम्मी माती, निम्मी जाड रेती घालून मातीच्या लहान कुंडीत लावा. मोठ्या कुंडीत ओल साचते. पहिलं पाणी आठवड्याने. हे झाड पानांची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतं, त्यामुळे पाणी फार कमी गमावतं; ते मरतं बहुधा जास्त पाण्याने. पानांत सॅपोनिन ही पोटात गेल्यास अपायकारक द्रव्यं असतात, तेव्हा रांगतं मूल किंवा मांजर असलेल्या घरात कुंडी उंचावर ठेवा.

नवं पान यायला दोन-तीन महिनेही लागतात. तोवर उकरून पाहू नका. आणि यापुढे शेजारी झाड मागायला आले, तर पान तोडून देऊ नका. मुळांसकट कंदाचा एक तुकडा द्या.