मोटारीचे कांचतंतूचे भाग आणि त्यांची पारख

मुंबई-पुणें द्रुतगति महामार्ग सन २००२ मध्यें पूर्णपणें खुला झाला. त्या मार्गावरील खालापूरच्या पथकर नाक्यापाशीं रविवारीं सकाळीं उभें राहिलें असतां जमिनीलगत धांवणाऱ्या, दोनच माणसांच्या व मोठा आवाज करणाऱ्या स्पोर्ट्स मोटारी हटकून दृष्टीस पडतात. आमच्या विद्यार्थ्यांस त्यांचें मोठें आकर्षण. आणि कांहीं विद्यार्थी तर पुढें खोपोली-कर्जतच्या गॅरेजांत अशाच गाड्यांवर हात चालवूं लागतात. या मोटारींचीं बॉनेटें, बंपर, फेंडर हे भाग मूळ कंपनीखेरीज इतर कारागीरहि तयार करून विकतात, व ते बहुधा 'फायबर'चे असतात. हें फायबर म्हणजे काय आणि तें घेतांना काय पाहावें, हें येथें सांगावयाचें आहे.

कांच वितळवून तिचे केसाहूनहि बारीक तंतु काढतात. त्यांची चटईसारखी चादर होते, तिला कारागीर 'मॅट' म्हणतात. साच्याला मेण लावून त्यावर प्रथम जेलकोट नांवाचा गुळगुळीत लेप देतात. मग मॅटचे थर एकावर एक अंथरून ते रेझिन नांवाच्या राळेनें ब्रशानें भिजवितात. राळेंत शेंकडा एक ते दोन या प्रमाणांत हार्डनर घातलेलें असतें, त्यामुळें ती स्वतःच तापून घट्ट होते. ताण सोसतात ते तंतु. राळ त्यांस केवळ जागच्या जागीं धरून ठेवते. एवढें ध्यानांत आलें म्हणजे पुढच्या सर्व परीक्षा उलगडतात.

लोखंडी पत्र्याचा भाग दाबून काढावयाचा तर प्रचंड यंत्र व अतिशय महाग ठसे लागतात. फायबरला एक साचा व चार हात पुरतात. म्हणूनच अमेरिकेंत १९५३ सालीं 'कॉर्व्हेट' मोटार प्रथम निघाली तेव्हां तिच्या त्या वर्षींच्या अवघ्या ३०० गाड्यांचें अंग फायबरचें केलें होतें. आपल्याकडे बंगळूरच्या सान मोटर्सनें रेनोचें इंजिन घालून 'स्टॉर्म' नांवाची दोन माणसांची उघडी मोटार काढली, तीहि फायबरचीच. ती आतां निघत नाहीं. तेव्हां तिचा बंपर मोडला तर साचा काढून नवा करून घेणें हाच मार्ग बहुधा उरतो. पण चार हातांत काम होतें याचा अर्थ असाहि होतो कीं, चांगला कारागीर व वाईट कारागीर दोघेहि तेंच काम करूं शकतात, आणि रंग चढल्यावर दोघांचा माल सारखाच दिसतो.

साच्याची गोष्ट आपल्या भागांतील लोकांस निराळी सांगावयास नको. शेजारच्या पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत पाहा. ज्या साच्यांतून पुष्कळ मूर्ति निघाल्या, त्याच्या शेवटल्या मूर्तींचें नाक-डोळे पुसट होतात. मोटारीच्या भागाचें तसेंच. शिवाय एखादा कारागीर मूळ भागावरून साचा न घेतां दुसऱ्याच्या नकलेवरून घेतो. मग पहिल्याची चूक व राळ आकसल्यामुळें आलेला फरक दोन्ही वारशानें येतात. साचा कशावरून घेतला, हा प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावा.

भाग हातीं आल्यावर प्रथम तो उलटा करावा. पुढची बाजू साच्याची असते, पाठ मात्र कारागिराची असते. पाठीवर सुके पांढरे पट्टे दिसले तर तेथें तंतु भिजलेच नाहींत. राळेचीं तळीं सांचलेलीं दिसलीं तर तेथें केवळ ठिसूळ कांचेसारखी राळ आहे, ती तडकणार. नाण्यानें ठिकठिकाणीं वाजवून पाहावें. मध्येंच बद्द आवाज आला तर थरांमध्यें हवा राहिली आहे असें समजावें. उग्र वास येत असेल तर माल अजून पुरता पिकलेला नाहीं, तो उन्हांत वांकडा होईल. आपल्याकडे पावसाळ्यांत ही भीति अधिक, कारण दमट हवेंत मॅट ओल धरते व राळ नीट बसत नाहीं. जून ते सप्टेंबर या काळांत कोंकणांत केलेला भाग मी तरी दुप्पट काळजीनें तपासून घेईन.

फायबर नेहमींच हलकें, हाहि एक भ्रम आहे. पाऊण मिलिमीटर जाड पोलादी पत्रा एका चौरस मीटरास सुमारें ६ किलो भरतो. फायबर अडीच मिलिमीटर जाड असेल तर पावणेचार किलोच्या आसपास भरतें. पण दोष झांकण्यासाठीं राळ ओतून तेंच चार मिलिमीटर केलें कीं पुन्हा ६ किलो! म्हणून तराजू जवळ असावा.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी खोपोलीस गाड्या रंगवितो. तो म्हणतो, "सर, गिऱ्हाईक भागाचा भाव करतं, लांबीचा करीत नाहीं." घांसणें, लांबी भरणें, पुन्हा घांसणें, यांत भागाच्या किंमतीहून अधिक पैसा जातो. त्याच्याकडे आलेल्या एका बॉनेटांत कुलपाचा आंकडा नुसत्या थरांतून बोल्ट घालून बसविला होता. महामार्गावर तो उपटून आला, बॉनेट उडून समोरच्या कांचेवर आदळलें, व चालकास कांहीं क्षण रस्ताच दिसेना. मागें मालमोटार नव्हती म्हणून तो वांचला. बिजागरी व कुलूप यांच्या जागीं थरांच्या आंत धातूची पट्टी बसविलेली आहे कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून फायबरचें बॉनेट घेऊंच नये, आणि घेतल्यावर बाहेरून दोन पिना लावाव्या. बंपराच्या बाबतींत आंतली पोलादी तुळई कापून जागा करणारे लोकहि आहेत. त्यांच्या हातीं गाडी देऊं नये. धक्का सोसते ती तुळई, वरचें आवरण नव्हे.

कुर्ल्याच्या बाजारांतून भाग आणला तर न रंगवितां, न भोंकें पाडतां गाडीवर धरून पाहावा. रंगविलेला भाग दुकानदार बहुधा परत घेत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करूं देत नाहीं, व जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें अधिक कडकपणें सांगितलें. मोडलेल्या भागाच्या जागीं त्याच आकाराचा भाग घालणें निराळें, आणि रुंद फेंडर लावून गाडीचें मापच बदलणें निराळें. विमा कंपनीसहि आधीं कळवावें.

आणि काढलेला मूळ भाग, मोडका असला तरी, भंगारवाल्यास देऊं नये. बोल्टांच्या जागा ताडून पाहण्यास तोच उपयोगी पडतो, व पुढें साचा घ्यावयाची वेळ आलीच तर तो नकलेवरून न घेतां त्याच्यावरून घेतां येतो.