नंदी फळीवर ठेवू नका!

शेतकरी बंधूंनो, पोळ्याचा दुसरा दिवस आपल्याकडे लेकरांचा. तान्हा पोळा! लाकडी नंदी सजवायचा, सोंग घ्यायचं अन् घरोघरी बोजारा मागायचा. सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा तर पाहायला लांबून माणसं येतात. पण तिसऱ्या दिवशी काय होतं? नंदी फळीवर जातो, सोंग पेटीत जातं आणि आपण म्हणतो, "खेळ पुरे, आता अभ्यास कर." इथंच आपलं चुकतं.

तीन ते सहा वर्षांच्या लेकराचा खेळ हाच अभ्यास असतो. नंदी ओढताना त्याला पुढे-मागे, जड-हलकं कळतं. चाक अडकलं तर का अडकलं, हे ते शोधतं. माती मळून बोटांत जी ताकद येते, तीच पुढे पेन्सिल धरायला कामी पडते. सरपंचाचं सोंग घेतलेलं पोरगं चारचौघांत बोलायला शिकतं.

हा विचार वर्ध्याला नवा नाही. नई तालीमचा पाया १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत घातला गेला. १९४५ साली सेवाग्रामच्या परिषदेत ती शाळेआधीच्या लेकरांपर्यंत नेण्याचं ठरलं. त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी बोर्डीला खेड्यातल्या बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं अशा गावातल्याच वस्तू हाती घेतल्या.

आज गावोगाव अंगणवाडी आहे. पण अंगणवाडी म्हणजे खिचडीची जागा, असंच आपण धरून चालतो. पोट भरतं, डोकं उपाशी राहतं.

मग करायचं काय? पऱ्हाटीच्या काड्या, ज्वारीची धांडं, चिंध्या, काळी माती घरातच आहे. धांड्याची बंडी करून द्या. जुनं धोतर पडद्यासारखं बांधा, जुन्या मोज्यांची गाय आणि वासरू करा, अन् घरच्या बोलीत त्यांना बोलू द्या. लाजरं लेकरू पडद्यामागून हमखास बोलतं. मुलीच्या हाती नंदी द्या, मुलाला भातुकलीत बसू द्या.

मात्र जपा. फवारणीच्या औषधाचे डबे, बाटल्या धुऊनसुद्धा खेळायला देऊ नका. एरंडी आणि गुंजेच्या बिया विषारी असतात. अगदी लहानग्यांना चिंचोके, मणी देऊ नका, घशात अडकतात.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनाही एक सांगणं आहे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी असतो. त्यातून गावच्या सुताराकडून अंगणवाडीसाठी लाकडी ठोकळे, गाडे, नंदी करून घ्या. सुताराला काम मिळेल, लेकरांना खेळ मिळेल.

बियाणं पेरताना आपण जमीन आधी तयार करतो. लेकराची जमीन शाळेत जाण्याआधीच तयार होते. तेव्हा फळीवरचा नंदी आजच खाली उतरवा!