बिटाची धार कानाला कळते

ड्रिलच्या बिटाची धार गेली की ते आधी कानाला कळतं. गच्चीवर कपड्यांच्या दोरीसाठी मी लोखंडी अँगलला आठ मिलिमीटरची भोकं पाडत होतो. पहिली दोन सुरेख पडली. बिटाच्या दोन्ही खोबणींतून लोखंडाची दोन वेटोळी एकदमच वर येत होती. तिसऱ्या भोकाला आवाज बदलला. चर्रर्र थांबून कीं-कीं सुरू झालं आणि वेटोळ्यांच्या जागी काळा भुगा पडू लागला. मी आणखी रेटलं. धूर आला, टोक निळं पडलं आणि अँगलवर भोकाऐवजी एक चकचकीत वाटी तेवढी तयार झाली.

नवं बिट कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं आणि फार महागही नसतं. म्हणूनच आपल्या ड्रिलच्या पेटीत आठ-दहा बोथट बिटं वर्षानुवर्षं लोळत असतात. विळा-कोयता पाजवून आणायची सवय आपल्याला आहे, पण बिटालाही धार लावता येते हे सुचत नाही. दारावर येणारा धारवाला त्याला हात लावत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. सुरीला धार एकच असते. बिटाला दोन, आणि त्या दोघी जुळ्या बहिणींसारख्या हव्यात.

बिट दिव्याखाली धरून टोकाकडून पाहा. अगदी मध्ये एक बारीक आडवी कड दिसते. वर्कशॉपमध्ये तिला चिझल एज म्हणतात. ती कापत नाही, धातू नुसता बाजूला रेटते. ड्रिलवर जोर द्यावा लागतो तो बराचसा तिच्यापायी. तिच्या दोन टोकांपासून बाहेरच्या कडेपर्यंत जाणाऱ्या दोन लिप, खरं कापण्याचं काम त्यांचं. धार शाबूत असली की लिपवर उजेड चमकत नाही. बोथट झाली की तिथे पांढरी रेघ उमटते. ती रेघ जाईपर्यंत घासायचं, एवढंच.

एवढंच, पण कुठून घासायचं यात सगळी गोम आहे. साध्या कामाच्या बिटाच्या टोकाचा कोन ११८ अंश असतो, स्टेनलेस स्टीलसारख्या चिवट धातूसाठी १३५. इथे अंशा-दोन अंशांनी चुकलात तरी बिघडत नाही. एक लिप लांब आणि दुसरी आखूड झाली, तर मात्र टोक मध्यावरून सरकतं आणि आठच्या बिटाने आठापेक्षा मोठं भोक पडतं. आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते उतारात. लिपच्या मागचा भाग, म्हणजे टाच, लिपपेक्षा खाली उतरलेली हवी, साधारण ८ ते १२ अंशांनी. टाच लिपच्या बरोबरीला आली की तीच धातूवर टेकते आणि धार अधांतरी राहते. उतार फार झाला तर धारेमागे आधार उरत नाही, तिचे टवके उडतात. मी हाताने घासलेलं पहिलं बिट दिसायला नव्यासारखं होतं. पण टाच वर राहिली होती. लोण्यातही गेलं नसतं.

हा पेच आपल्या मागे लावला स्टीफन मोर्स या अमेरिकन गृहस्थाने. पिळाच्या बिटाचं पेटंट त्याने १८६३ साली घेतलं. त्याआधी लोहार सळईचं टोक चपटं ठोकून द्यायचा, आणि ते बोथट झालं की पुन्हा भट्टी पेटवायचा.

आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना ही धार पेडेस्टल ग्राइंडरवर हाताने लावायला शिकवतात. बिट दगडाच्या तोंडाशी ५९ अंशांत, म्हणजे ११८ च्या निम्म्यात धरायचं, लिप आडवी ठेवायची आणि शेपटाकडचा हात हळूहळू खाली न्यायचा. मनगटाच्या त्या एका झोक्यात कोन आणि उतार दोन्ही येतात. मुरलेला फिटर बोलता बोलता हे करतो. आपली डझनभर बिटं शिकण्यातच खर्ची पडतात. विजेवरच्या शार्पनरचे आपण पैसे मोजतो, ते या मनगटाचे.

बाजारात मुख्यतः दोन तऱ्हा दिसतात. स्वस्त मशीनच्या झाकणाला वेगवेगळ्या मापांची भोकं असतात. जवळच्या मापाच्या भोकात बिट घालायचं आणि आतल्या फिरत्या दगडावर हलकेच दाबत डावी-उजवीकडे वळवायचं. भोक जरा सैल असलं की बिट डुगडुगतं आणि दोन लिप सारख्या निघण्याची खात्री राहत नाही. काम भागतं, पण मापात भोक हवं असेल तर भरवसा ठेवू नका.

दुसरी तऱ्हा चकची. अमेरिकेत ओरेगनमधल्या अॅशलंड गावची डॅरेक्स कंपनी ‘ड्रिल डॉक्टर’ या नावाने बनवते ती या जातीची. बिट आधी चकमध्ये सैल धरून एका खाचेत सरळ करायचं, मग चक आवळायचा. इथे घाई केली आणि बिट किंचित फिरलेलं राहिलं की उतार बिघडलाच. आवळलेला चक हिऱ्याच्या चाकासमोरच्या भोकात घालून अर्धा-अर्धा वळसा द्यायचा. चकच्या अंगावरचे उंचवटे बिटाला मागे-पुढे करतात आणि टाच आपोआप खाली जाते. अर्धे वळसे मोजून सम संख्येतच द्या, म्हणजे दोन्ही लिपना सारखंच मिळतं. बाहेर काढल्यावर बिट आडवं धरून पाहा: टाच लिपच्या खाली आहे ना? नसेल तर पुन्हा खाचेपासून सुरुवात.

निळ्या टोकाबद्दलही सांगायला हवं. निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं, असं जुने लोक सांगतात. साध्या कार्बन पोलादाच्या बाबतीत ते खरं आहे. हायस्पीड स्टील म्हणजे एचएसएस मात्र ६०० अंश सेल्सियसच्या आसपासपर्यंत कडकपणा टिकवून धरतं, आणि निळा रंग ३०० च्या सुमारालाच येतो. तेव्हा घाबरू नका, फक्त तापलेलं बिट चर्रकन पाण्यात बुडवू नका. त्याने केसासारख्या भेगा जातात. सोनेरी मुलाम्याच्या बिटाचा मुलामा टोकावरून जातो, धार लागतेच. भिंतीच्या बिटाला कार्बाइडचं टोक असतं, त्याला हिऱ्याचं चाक हवं. मध्ये सुळा असलेली लाकडाची बिटं या मशीनमध्ये घालूच नका, सुळाच जाईल. तीन मिलिमीटरहून बारीक बिटांवर वेळ घालवण्यापेक्षा नवीन आणा.

मुळात धार जाते कशाने? आपल्याकडे बरीचशी जाते ती एचएसएस बिट भिंतीत घातल्याने. विटेतली वाळू दहा सेकंदांत निकाल लावते. दुसरं कारण वेग. साध्या लोखंडात बिटाच्या कडेचा वेग मिनिटाला ३० मीटरच्या आत असावा. दहाच्या बिटाला म्हणजे साधारण ९०० फेरे. घरातलं ड्रिल पूर्ण दाबलं की ३००० च्या घरात फिरतं. बोट हलकं ठेवा आणि तेलाचे चार थेंब सोडा.

वर्षातून दोनदा भिंतीत खुंटी बसवणाऱ्याने शार्पनर घेऊ नये. लोखंड-अॅल्युमिनियमचं काम हौसेने करणाऱ्याने, पेटीत वीसेक बिटं असतील तर, चकचंच घ्यावं आणि डोळ्यांवर चष्मा चढवूनच चालू करावं. गच्चीवरचं माझं ते निळं पडलेलं आठचं बिट अजून चालतंय. पूर्वीपेक्षा तीन मिलिमीटर आखूड आहे.