जुन्या संगणकाला दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार संपला. 'विंडोज ११'ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असलेले कितीतरी संगणक एका फटक्यात बाद ठरले. ते भंगारात देण्याआधी त्याच डिस्कवर विंडोजशेजारी लिनक्स बसवावे, म्हणजेच 'ड्युअल बूट' करावे, असे माझे ठाम मत आहे. हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर किंवा केवळ विंडोजवर चालणारा स्कॅनर यांच्यापुरते विंडोज ठेवावे, पण त्याला इंटरनेट देऊ नये. बँकेचे व्यवहार आणि ईमेल लिनक्सवरून करावेत.

दोन सिस्टिम एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करतील, ही भीती बव्हंशी अनाठायी आहे. संगणक सुरू होताच यूईएफआय हे फर्मवेअर डिस्कवरच्या एका छोट्या विभागाकडे वळते. तिथे विंडोजचा बूट मॅनेजर आणि लिनक्सचा 'ग्रब' वेगवेगळ्या फोल्डरांत असतात. ग्रबच्या यादीतून आपण निवडू तीच सिस्टिम मेमरीत येते, दुसरी डिस्कवर निपचित पडून राहते. घोळ होतो तो दोघींच्या सामाईक गोष्टींत. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर 'शट डाउन' केल्यावरही विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर राखून ठेवते. अशा वेळी लिनक्समधून विंडोजच्या विभागात काही लिहिले, तर फाइली खराब होऊ शकतात. म्हणून ही सोय आधी बंद करायची. घड्याळाचेही तसेच. मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक समजते, लिनक्स जागतिक. परिणामी भारतात विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितले की हा प्रश्न मिटतो.

विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारे व्हर्च्युअल मशीन असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. पण त्यात दोन्ही सिस्टिम एकाच वेळी मेमरी खातात, आणि ४ जीबीच्या संगणकाला ते झेपत नाही. शिवाय खाली तीच आधार संपलेली विंडोज चालू राहते. अपडेटबद्दलचा आक्षेप अधिक वजनदार आहे. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर काही ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स सुरूच होईना. 'सिक्युअर बूट'च्या तपासणीत लिनक्सचा जुना बूटलोडर नाकारला जात होता. मात्र अडला होता तो दरवाजा. आतल्या फाइली शाबूत होत्या, आणि सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून दुरुस्ती करता येत होती. तरीही डिस्कचे विभाग बदलण्याआधी बॅकअप बाहेरच्या डिस्कवर हवाच. विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करणारे बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, कारण बूटची मांडणी बदलताच विंडोज ती मागू शकते.